इंटरव्हललाच पडलेली मतं

“मॅडम, अर्धं थेटर उठून जातंय आणि तरीबी त्योच पिक्चर एक नंबरला. हे गणित मला जरा समजावून सांगा.”

मगदूम अण्णांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसचं शटर वर करत होते. अण्णांचा आवाज फोन नसता तरी इकडं मंगळवार पेठेत माझ्यापर्यंत आला असता. सगळं आयुष्य फाउंड्रीत गेलेलं. भट्टीच्या वर आवाज चढवायची सवय घरी आली तरी सुटत नाही.

“कुठला पिक्चर, अण्णा?”

“त्योच. ‘वरची गल्ली, खालची गल्ली.’ सरनोबत माझ्यासमोर बसल्यात. ते म्हणत्यात, भाड्यानं माणसं आणल्यात. तुम्ही आधी बघा, मग मला सांगा.”

मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी नसीम मोमीन. बेकरीच्या वरच्या मजल्यावर माझं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. आम्ही शाळांचे निकाल, सोसायट्यांची मतदानं अशी कामं करतो. गेली काही वर्षं शहरात एक प्रादेशिक चित्रपट महोत्सव होतो. अण्णा त्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष. तिकिटं आणि मतदान आमच्याकडे असतं.

महोत्सवात पुरस्कार बरेच आहेत, पण लोकांचा जीव एकातच अडकलेला असतो: प्रेक्षकांची पसंती. त्याला परीक्षक नाहीत. ज्यानं तिकीट काढलं तोच परीक्षक. प्रत्येक तिकिटावर एक चौकोनी कोड छापलेला असतो. मोबाईलनं तो स्कॅन केला की दोन बटणं येतात. आवडला, नाही आवडला. एका तिकिटाला एकच मत. प्रत्येक चित्रपटाचे खेळ सारखेच, थेटर एकच. सगळ्यात जास्त ‘आवडला’ ज्याला मिळतील तो जिंकला. जिंकलेला चित्रपट मग जिल्ह्यातल्या थेटरांत आठवडाभर लागतो. ज्यांच्यामागे मोठं नाव नाही त्यांच्यासाठी एवढं खूप असतं.

त्या वर्षी सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं की हा पुरस्कार ‘डबल शड्डू’ला जाणार. कुस्तीचा पिक्चर, तोही कोल्हापुरात. दिग्विजय सरनोबत त्याचे निर्माते. पहिल्या खेळाला तालमीतली पोरं हलगी घेऊन आली होती. अशा पिक्चरच्या पुढे दोन गल्ल्यांमधल्या सोयरिकीची साधी गोष्ट निघून गेली, तर निर्मात्याच्या पोटात दुखणारच. मला त्यांचा राग आला नाही.

मी मशीन चालू केलं.

मतदानात घोटाळा शोधायच्या काही ठरलेल्या जागा असतात. एकाच मोबाईलवरून ढीगभर मतं पडली का? नव्हती पडली. एका फोनवरून दोन-चार होती, पण कुटुंबात एकाच्याच हातात चालणारा फोन असला की तसं होतं. एकाच सेकंदाला खूप मतं आली का? मशीननं मतं टाकली की तसं दिसतं. तेही नव्हतं. तिकिटं मात्र खिडकीवर गठ्ठ्यानं घेतलेली होती. लग्नाच्या वऱ्हाडासारखी, एकामागं एक खुर्ची.

मग मी वेळ पाहिली. मत पडलं की त्याची वेळ आपोआप नोंदली जाते. आमच्या भाषेत तिला टाइमस्टॅम्प म्हणतात. पिक्चर संपला की लोक जिन्यात, पार्किंगमध्ये, भेळेच्या गाडीपाशी उभे राहून बटण दाबतात. त्यामुळं आलेखात शेवटी एक डोंगर दिसतो. सगळ्या चित्रपटांचा आलेख तसाच येतो, असं मी तोवर समजत होते.

‘वरची गल्ली, खालची गल्ली’चा डोंगर मधेच होता. बरोबर इंटरव्हलला. आणि पिक्चर संपताना एक लहानसं टेकाड.

दोन्ही खेळांना तेच.

मी चहा सांगितला आणि स्क्रीनकडे बघत बसले. माणसं गटानं येतात. अर्धा पिक्चर बघतात. ‘आवडला’ दाबतात. उठून निघून जातात. भाड्याचा प्रेक्षक अगदी असाच वागेल. त्याला काम सांगितलेलं असतं, ते झालं की तो थांबेल कशाला? पण भाड्यानं माणसं आणणारा एवढा अडाणी असेल का? दोन तास बसवून घ्यायला त्याला काय जड होतं?

मी अण्णांना फोन लावला.

“संशय घेण्यासारखं आहे. पण खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.”

“म्हंजे काय?”

“मतं वेगवेगळ्या माणसांची आहेत. वेळ विचित्र आहे.”

“मग काढून टाका की त्यास्नी स्पर्धेतनं. नसती झंझट.”

“अण्णा, मोजणी बरोबर झाली म्हणून शेवटी सही माझी असते. या पिक्चरचा शेवटचा खेळ उद्या दुपारी आहे. मी स्वतः जाऊन बसते. मग ठरवू.”

पलीकडे सरनोबत काहीतरी बोलले. अण्णा म्हणाले, “उद्यापातुर. परवा सकाळी माझ्या हापिसात.”

बातमी मात्र उद्यापर्यंत थांबली नाही. दुपारीच एक मुलगी ऑफिसचा जिना चढून आली. तिशीची असेल. पायात धुळीनं भरलेले बूट, खांद्यावर जड पिशवी. दारातच म्हणाली, “मी प्राजक्ता कांबळे. ‘वरची गल्ली’ माझी फिल्म आहे. मी भाड्यानं माणसं आणली असं सगळीकडे बोललं जातंय.”

“बसा.”

“बसायला नाही आले. मला फक्त खरं सांगा. माझी मतं खोटी आहेत का?”

मी तिला आलेख दाखवला. आम्ही असं सहसा दाखवत नाही. पण आकडे न सांगता नुसता डोंगर दाखवायला हरकत नव्हती. ती बघत राहिली. मग बसली.

“म्हणजे जे उठून गेले, त्यांनीच मतं दिली?”

“तुम्ही त्यांना उठताना पाहिलंत?”

“दोन्ही खेळांना मी शेवटच्या रांगेत होते. इंटरव्हलनंतर लाईट गेले आणि पुढच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मी घरी जाऊन रडले. मला वाटलं, लोकांना फिल्म सहन झाली नाही.” ती थांबली. “आणि तुम्ही म्हणता ‘आवडला’ दाबून गेले?”

“म्हणत नाही. दाबलंय.”

“का पण?”

मलाही तेच हवं होतं. आमच्या धंद्यात कधी, कुठून, किती हे सगळं कळतं. का, हे मात्र मशीनला विचारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी थेटरवर गेलो. मॅनेजर शिंदे गेटवरच उभे होते. मला बघून जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आज बी आल्यात बघा. टेंपो भरून. भाड्याचं पब्लिक, दुसरं काय? ह्या धंद्यात केस पिकलं माझं.”

मी पब्लिक बघितलं. नऊवारीतल्या म्हाताऱ्या होत्या. टोपीवाले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या सुना, पांढऱ्या शर्टातले दोघं-तिघं शाळामास्तर असावेत असे. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. एकीनं केसांत अबोलीचा गजरा माळला होता. मी मनात म्हटलं, भाड्यानं आलेलं माणूस गजरा कशाला माळेल?

आम्ही त्यांच्या मागच्याच रांगेत बसलो.

चित्रपट मी पहिल्यांदाच बघत होते. नदीकाठचं गाव. वरच्या गल्लीतला मुलगा, खालच्या गल्लीतली मुलगी, दोन्ही घरांचं जुनं वैर. पडद्यावर मुलीची आई चुलीपाशी बसून रडत होती. प्रसंग चांगला होता. आणि पुढच्या रांगेत हसू फुटलं.

“आगं बघ बघ, त्या कोपऱ्यात! पाटलाची म्हस!”

“कुठाय?”

“दाराच्या फटीतनं बघ की. कशी रवंथ करतीया.”

रडणाऱ्या आईकडं त्यांच्यातलं कुणीच बघत नव्हतं. मला वाटलं, चुकून असेल. मग नायक-नायिका पारावर भेटले. बाकीच्या थेटरातली माणसं त्या दोघांकडं बघत होती, आणि माझ्या पुढच्या सगळ्या रांगा डाव्या कडेला झुकल्या. तिथं पिठाची गिरण दिसत होती. दार उघडं, आतून तिचा पुक-पुक आवाज. एक म्हातारा हळूच म्हणाला, “ऐक. ऐक, आवाज ऐक.” आणि सगळी रांग गप्प झाली. पारावरचे दोघं काय बोलले ते मलाही ऐकू आलं नाही.

प्राजक्तानं माझा हात धरला. तिच्या कानाशी मी विचारलं, “ओळखता यांना?”

“चेहरे नीट दिसत नाहीत,” ती म्हणाली. “पण हे गावातले आहेत. जिथं शूटिंग केलं त्या गावातले.”

इंटरव्हल झाला. लाईट लागले. भराभर मोबाईल बाहेर निघाले. सुना म्हाताऱ्यांची तिकिटं घेऊन कोड स्कॅन करत होत्या. गजरेवाली आजी सुनेला दटावत होती, “माझं मी दाबनार. तू नुसतं धर.” तिनं बोट नीट नेम धरून ‘आवडला’वर टेकवलं, दाबून धरलं, आणि सगळे उठले.

आम्ही त्यांच्यामागून बाहेर पडलो. थेटरच्या समोर चहाची टपरी आहे. टेंपोचा ड्रायव्हर कुठंतरी गेलेला होता म्हणून मंडळी तिथं थांबली. मी आजीजवळ गेले.

“आज्जी, पिक्चर आवडला न्हाय का?”

“आवडला की! आत्ताच बटन दाबून आलो.”

“मग मधनंच चाललाय? अर्धा ऱ्हायला की अजून.”

“त्यो आमी बघितलाय.”

“कधी? परवाच्या खेळाला?”

“न्हाय. पावसाळ्यात.”

मला काही कळलं नाही. महोत्सव तर आता थंडीत चालू होता आणि हा चित्रपट त्याआधी कुठं लागलेला नव्हता. मी प्राजक्ताकडं वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“आज्जी, म्हणजे? नीट सांगा की,” मी म्हणाले. “पावसाळ्यात कुठं बघितला?”

आजीनं चहाचा कप खाली ठेवला. “इंट्रोलनंतर पाणी येतंय न्हवं त्यात?”

गोष्ट अशी होती. गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठावर. नाव मी सांगत नाही, त्यांच्याकडं येणारे-जाणारे आधीच खूप झालेत. प्राजक्तानं चित्रपटाचा पहिला भाग तिथं हिवाळ्यात काढला. पुढच्या भागात तिनं गावात पूर येतो असं लिहिलं होतं आणि तो कसा दाखवायचा याची तिला काळजी होती. ती काळजी कृष्णेनं मिटवली. पुढच्याच पावसाळ्यात खरा पूर आला. दोन्ही गल्ल्या पत्र्यापर्यंत पाण्यात गेल्या. प्राजक्ता बचावाच्या नावेतून कॅमेरा घेऊन आत गेली आणि जे दिसलं ते तिनं टिपलं. इंटरव्हलनंतर पडद्यावर जे पाणी येतं ते नाटकातलं नव्हतं.

पुरानंतर गाव उठलं. वरच्या माळावर प्लॉट पाडून घरं मिळाली, सरळ रेषेत, सगळी एकसारखी. जुनी घरं पडली, उरलेली पाडली. गिरण पाण्यात गेली ती गेलीच.

“आता तिथं बाभळी उगवल्यात नुसत्या,” आजी म्हणाली. “नातवंडास्नी सांगितलं की हितं आपलं दार हुतं, तर पोरं म्हनत्यात कुठं? दाखवायचं काय? मग कुनीतरी म्हनलं, कोल्हापुरात पिक्चरमधी आपली गल्ली दावत्यात. म्हनून आलतो.”

“तिन्ही खेळांना?”

“प्रत्येक डावाला नवीन काय तरी दिसतंय. परवा ह्येला आपल्या भिंतीवरचं देवीचं चित्र दिसलं.” तिनं शेजारच्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. त्यानं मान हलवली. “आज म्हस घावली.”

प्राजक्ता तोपर्यंत मागं उभी होती. आता पुढं आली. “आज्जी, मी प्राजक्ता. शूटिंगला आले होते मी.”

आजीनं तिला खालीवर न्याहाळलं. “तूच व्हय ती? तुझ्या मानसानं मला हाकललंवतं. ‘आजी, मधनं बाजूला व्हा, कॅमेऱ्यात येताय.’ माझ्याच दारात! मी गेलो की आत मुकाट्यानं. म्हनून मी कुठंच दिसत न्हाय.” मग एकदम हसली. “पन माझं सांडगं ऱ्हायलं बघ उंबऱ्यापाशी. वाळत घातल्यालं. ते काढा म्हनायचं तुमच्या ध्यानातच न्हाय आलं!”

आसपासचे सगळे हसले. प्राजक्ताला हसता येईना.

“आज्जी, माझी फिल्म दुसऱ्या भागातच आहे हो,” ती म्हणाली. “तुम्ही काय सोसलं ते लोकांना कळावं म्हणून मी ते केलं. नावेत बसून, भिजत. आणि तुम्हीच ते बघत नाही.”

“मग लोकांस्नी दाव की,” आजी म्हणाली. “आमास्नी कशाला?”

ती रागानं बोलली नव्हती. चहात साखर कमी आहे म्हणावं तितक्या सहज बोलली होती. तेवढ्यात टेंपोचा ड्रायव्हर आला. माणसं एकमेकांना हात देत वर चढली. आजीनं वरून प्राजक्ताला हाक मारली, “जेवायला ये गं कधीतरी. माळावर आहोत आता. कुनालाबी इचार.”

टेंपो गेला. आम्ही थेटरात परत आलो आणि उरलेला अर्धा चित्रपट बघितला. रिकाम्या रांगांच्या मागे बसून. पाणी आलं. मघाची गिरण पाण्याखाली गेली. पारावरून नाव गेली. फार चांगलं केलं होतं तिनं ते. मला एकदाही पडद्याकडं सरळ बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या फाउंड्रीतल्या ऑफिसात बैठक झाली. अण्णा, सरनोबत, ट्रस्टचे दोन सभासद आणि मी. जे पाहिलं ते मी सांगितलं. आवाज चढवला नाही, काही गाळलं नाही.

अण्णा टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. ते मूळचे शिरोळचेच. जैन शेतकऱ्याचं घर, भाऊ अजून तिथं ऊस करतात. “वरच्या माळावरची माणसं व्हय,” एवढंच म्हणाले.

मग सरनोबत बोलले. “मॅडम, माणसं खरी आहेत हे मी मानतो. भाड्याचं बोललो ते मी मागं घेतो. पण नियम काय छापलाय? ‘चित्रपट पाहून झाल्यावर मत द्यावे.’ पाहून झाल्यावर. यांनी अर्धाच पाहिला.”

“तिकिटं पुरी काढली की,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, उद्या कुणीही दहा मिनिटं बसून मत देईल. मग नियम कशाला छापला?”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सभासदांपैकी एक निवृत्त प्राध्यापक होते, तेही मान हलवू लागले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

“मॅडम, तुम्ही सांगा. मतं खरी का खोटी?”

“खरी आहेत. नियमात बसतात का ते तुम्ही ठरवायचं. आमच्या सिस्टिममध्ये दारात तिकीट तपासलं की मतदान उघडतं. सगळ्यांनी एकदम शेवटी बटण दाबलं की तिथलं नेटवर्क बसतं, म्हणून तसं ठेवलंय. नियम छापलेला आहे, पण मशीन तो पाळत नाही.”

“आता पाळायला लावता येतंय?”

“येतं. खेळ संपायची वेळ आपल्याकडं आहे. त्याआधी पडलेली मतं बाजूला काढता येतील. पण एका पिक्चरची काढता येणार नाहीत. काढायची तर सगळ्यांची.”

“सगळ्यांची काढा की,” सरनोबत म्हणाले. “आम्हाला कशाची भीती?”

अण्णांनी सभासदांकडं पाहिलं. दोघांनीही होकार दिला. मी लॅपटॉप उघडला.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. निकाल काय येणार हे मला माहीत नव्हतं. बाकीच्या चित्रपटांची वेळ मी तपासलीच नव्हती, कारण त्यांच्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती. मी वेळेची अट घातली आणि बटण दाबलं. आकडे बदलले. मी ते परत एकदा काढले, कारण माझा विश्वास बसेना.

“काय झालं?” अण्णा म्हणाले.

मी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. ‘वरची गल्ली’ खाली घसरली होती. ‘डबल शड्डू’ तिच्याही खाली होता.

“हे कसं काय?” सरनोबत उठून उभे राहिले.

मी त्यांच्या चित्रपटाचा आलेख उघडला. डोंगर होता, आणि तो सुरुवातीलाच होता. पडद्यावर नाव यायच्याही आधी. हलगीवाल्या पोरांनी दारात तिकीट तपासून घेतलं होतं आणि खुर्चीवर बसायच्या आत ‘आवडला’ दाबून मोकळी झाली होती.

मग सरनोबतच हसले. कडू नव्हे, खरंच हसले. “आमच्या पोरांनी पिक्चर सुरू व्हायच्या आधीच आवडवून घेतला म्हणायचा!”

“नाद खुळा,” अण्णा म्हणाले. “मग आता एक नंबरला कोन?”

एक नंबरला ‘आजीचा ड्रोन’ होता. चंदगडकडच्या एका तरुणानं केलेला विनोदी चित्रपट. त्याची चर्चा कुणीच करत नव्हतं. त्याच्या आलेखात शेवटी एकच सरळसोट डोंगर होता. पिक्चर संपेपर्यंत थेटरात कुणी मोबाईल बाहेरच काढला नव्हता. त्या दिग्दर्शकाला फोन केला तेव्हा तो एसटीत होता. आपलं काही जमत नाही म्हणून गावाकडं निघाला होता. कागलजवळ उतरून, मिळेल त्या गाडीनं परत आला आणि संध्याकाळी भाताच्या कोंड्याचा वास येणारी पिशवी काखेत धरूनच स्टेजवर चढला. टाळ्या पडल्या. सरनोबतांनी उभं राहून वाजवल्या. मी मोजणीच्या कागदावर सही केली: गैरप्रकार आढळला नाही.

प्राजक्ताला मी आधीच फोन करून सांगितलं होतं. तिनं विचारलं, “पण माणसं आणली नव्हती हे सांगितलंत ना सगळ्यांना?” अण्णांनी ते स्टेजवरून सांगितलं. माईकची गरज नव्हती, तरी माईकवरून सांगितलं.

पुढं काही दिवसांनी ती त्या माळावर जेवायला गेली. मलाही घेऊन गेली. अण्णांनी प्रोजेक्टर आणि पडदा पाठवला होता. दिवस मावळल्यावर शाळेच्या पटांगणात सगळी वस्ती जमली. प्राजक्तानं सांगितलं, “फक्त पहिला भाग लावते. पाणी यायच्या आधी थांबवते.” पारावरचा प्रसंग आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, “थांबीव, थांबीव!” तिनं चित्र थांबवलं. सगळी गल्ली पडद्यावर स्थिर उभी राहिली. मग माणसं एकेक करून उठली, पोरांना हाताला धरून पडद्याजवळ गेली आणि बोट लावून दाखवू लागली. हे आपलं. हे तुझ्या चुलत्याचं. हितनं वळलं की विहीर. पडद्यावर त्यांच्या सावल्या पडत होत्या, त्यामुळं मागच्यांना काही दिसत नव्हतं. तरी कुणी बसा म्हटलं नाही. चित्र पुढं सरकलंच नाही त्या दिवशी. प्राजक्ता मशीनपाशी उभी होती. सुरू करू का, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

दुसरा भाग तिनं कापला नाही. तो ती इतर गावांत, कॉलेजांत दाखवते. ‘लोकांस्नी दाव’ हे तिनं मनावर घेतलं.

आमच्याकडं एवढाच बदल झाला की खेळ संपल्यावरच मतदान उघडतं. नेटवर्क बसतं, लोक मला शिव्या देतात. शिकले म्हणाल तर एकच गोष्ट. संशयास्पद आणि अनोळखी, या दोन गोष्टी स्क्रीनवर हुबेहूब सारख्या दिसतात. त्यांच्यातला फरक कळायला तिकीट काढून मागच्या रांगेत बसावं लागतं. त्या कामाचं बिल ट्रस्टकडं कुठल्या नावाखाली लावायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.